धीर येत नाही म्हणजे विश्वास कमी पडला का?

मालवणकडच्या एका बोटमालकाचा प्रश्न आहे. सलग दोन मोसम मासळी कमी, बोटीवर कर्ज, खलाशांना दिलेला अ‍ॅडव्हान्स अंगावर पडलेला. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकत नाही, घरात रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, पण मन काही उठत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, पुन्हा डोळा लागत नाही. भेटेल तो सांगतो, ‘देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.’ त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: आपला विश्वास कमी पडतोय का, अशा वेळी नेमके काय करायला बायबल सांगते, आणि बोट विकावी का.

पहिल्याचे उत्तर लगेच देतो. नाही. खचणे हा अविश्वासाचा पुरावा असता, तर बायबलमधली निम्मी माणसे बाद झाली असती. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात (१:८) कबूल करतो, की आशिया प्रांतात आमच्यावर इतका भार पडला की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. मंडळीने ही स्तोत्रे गाळली नाहीत, उपासनेत ठेवली. त्यामुळे ‘विश्वास ठेव’ म्हणणाऱ्यांवर रागावू नका, पण ते सांगतात तेवढ्यावर थांबूही नका. विश्वास ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून काय करायचे, हे त्यात येत नाही.

बायबल मात्र ते सांगते, आणि ठरावीक क्रमाने सांगते. आधी शरीर, मग तक्रार, मग देवाचे वचन, मग हातातले पुढचे काम, आणि या सगळ्यात सोबत माणसे. बहुतेकांचे बिघडते ते हा क्रम उलटा लावल्यामुळे. पोटात काही नसताना, रात्रीची झोप नसताना, मनातले काही बोललेले नसताना थेट ‘खंबीर हो’ वर उडी मारायची आणि ते जमले नाही की स्वतःलाच दोष द्यायचा.

१ राजे १९ उघडा. आदल्याच अध्यायात संदेष्टा एलीयाने कर्मेल डोंगरावर केवढा विजय मिळवला होता. ईजबेल राणीची एक धमकी आली आणि तो जीव घेऊन पळाला. बैरशेबा येथे त्याने आपल्या चाकरालाही मागे सोडले आणि एकटाच एक दिवसाची वाट रानात गेला. झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. एकटे पडणे आणि मरण मागणे, ही दोन वाक्ये त्या अध्यायात लागोपाठ येतात हे लक्षात ठेवा.

आता देव काय करतो पाहा. रागावत नाही, उपदेश करत नाही, आदल्या विजयाची आठवणही करून देत नाही. दूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि परत जेवायलाच सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. दोन जेवणे, दोन झोपा, आणि पुढे चाळीस दिवस व चाळीस रात्रींची चाल. तेव्हा कुठे होरेब डोंगरावर देव विचारतो, ‘एलीया, तू येथे काय करतोस?’

म्हणून तुमच्यासाठी पहिली गोष्ट कंटाळवाणी आहे. पहिले पंधरा दिवस प्रार्थना वाढवू नका, झोप आणि जेवण रुळावर आणा. पहाटे तीनला उठून रोझरीचा आणखी एक फेरा म्हणायचा आणि दिवसभर डुलक्या काढायच्या, ही भक्ती तुम्हाला परवडणारी नाही. संध्याकाळनंतर चहा बंद. दारू घेत असाल तर तीही, कारण तिने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप मोडते आणि तुमची तक्रार नेमकी त्याच वेळेची आहे. सकाळी उजाडल्यावर अर्धा तास उन्हात चाला, बंदरापर्यंत गेलात तरी चालेल. भूक नसली तरी दहा-अकराच्या सुमाराला वाटीभर उकड्या तांदळाची पेज आणि सोबत काहीतरी तोंडी लावायला एवढे पोटात जाऊ द्या. आणि कोणी ‘एकवीस दिवसांचा उपवास धर’ असे सुचवले, तर नम्रपणे नाही म्हणा. जो आधीच जेवत नाही त्याने उपवास करायचा नसतो. मधुमेहाची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट तक्रार. आपल्याकडे देवाजवळ मागणे सगळ्यांना येते, तक्रार करायला मात्र लोक भितात. ते शिकायला स्तोत्र १३ सगळ्यात सोयीचे, कारण त्यात सहाच ओव्या आहेत आणि सांधे उघड दिसतात. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणे आहे: माझ्याकडे लक्ष दे, उत्तर दे. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. याच साच्यात स्वतःचे लिहा. वहीचे अर्धे पान पुरे, पंधरा मिनिटांच्या वर नको.

लिहिताना एक पथ्य पाळा: मोघम लिहू नका. ‘देवा, सगळं वाईट चाललंय’ याने मन हलके होत नाही, जड होते. ‘देवा, मागच्या आठवड्यात बोट तीनदा गेली आणि डिझेलचेही पैसे सुटले नाहीत. बँकेचा माणूस बायकोसमोर बोलला. तुला हे दिसत नाही का?’ असे लिहा. नाव, वार, रक्कम येऊ द्या. मग एकच मागणे, दहा नकोत. शेवटी भरवशाची एक ओळ, आणि तीही खोटी नको. ‘मला खूप आनंद होतोय’ असे लिहू नका. ‘तू मला अजून सोडलेले नाहीस, हे मी धरून राहतो’ एवढे पुरते. लिहिले की दार लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेली तक्रार तिथेच गोल गोल फिरत राहते.

इथे दोन चुका होतात. एक, लोक तक्रारीवरच थांबतात आणि तासभर तीच उगाळत बसतात. पंधरा मिनिटांची मर्यादा त्यासाठीच आहे, घड्याळ लावा. दुसरी, भरवशाची ओळ येत नाही म्हणून सगळेच सोडून देतात. तसे असेल त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपते, शेवटी उजाडत नाही. तरीही सुरुवातीला देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक आहेच. त्या दिवशी तेवढी हाकच तुमचा विश्वास समजा.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. हा अध्याय दर्यावर्दी माणसाने वाचावा आणि इतरांना समजावून सांगावा. पाळक-फादरांपैकी अनेकांना त्यातली बोटीची भाषा कळत नाही, तुम्हाला कळेल. पौल कैदी आहे, धान्याने भरलेल्या जहाजावर आहे, आणि समुद्रावर जाण्याचा मोसम सरलेला आहे. तो सांगतो की इथेच थांबा. कैद्यांवरचा रोमी अधिकारी, शताधिपती, त्याच्याऐवजी तांडेलाचे (जहाज चालवणाऱ्याचे) आणि जहाजाच्या मालकाचे ऐकतो. मग तुफान. दुसऱ्या दिवशी माल टाकतात, तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामान. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, म्हणजे आपण कुठे आहोत तेच कळत नाही. हे पुस्तक लिहिणारा लूक सांगतो, की शेवटी वाचण्याची सगळी आशा गेली.

आणि तेव्हा पौल उभा राहून सांगतो, धीर धरा. पण पुढचे वाक्य नीट वाचा (२७:२२): तुमच्यापैकी कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही, फक्त तारवाची होईल. जहाज वाचेल असे देवाने कबूल केलेलेच नव्हते. तुम्हाला भेटणारी माणसे ‘सगळं ठीक होईल’ म्हणतात तेव्हा ती देवाच्या नावावर तारू वाचवण्याचे वचन देत असतात, आणि ते वचन देवाने त्यांच्याकडे दिलेले नाही. दोन मोसम रिकामे गेल्यावर तुमचा विश्वास डळमळला असे तुम्हाला वाटते. माझ्या मते डळमळला तो या उसन्या वचनावरचा विश्वास.

पुढे चौदावी रात्र. मध्यरात्रीच्या सुमाराला जमीन जवळ आल्याची खलाशांना चाहूल लागते. दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजतात: वीस वाव. थोडे पुढे जाऊन पुन्हा मोजतात: पंधरा. खडकावर आपटण्याची भीती. तेव्हा वरामाकडून, म्हणजे मागच्या बाजूने, चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडायची वाट पाहत बसतात. नांगर एरवी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून टाकतात, हे तुम्हाला सांगायला नको. मागून टाकल्यामुळे जहाज फिरले नाही, नाळ किनाऱ्याच्या दिशेने राहिली आणि सकाळी सरळ किनाऱ्यावर घालता आले. म्हणजे नांगर टाकून थांबतानाही तोंड कुठे असावे हे ठरलेले होते.

तुमच्या दिवसालाही असे चार नांगर टाका. मनाला वाटेल तेव्हा करायच्या गोष्टी या नव्हेत, वाटो न वाटो वेळेवर टाकायच्या. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचायचे, दोन मिनिटे लागतात. दिवसातले एक जेवण कोणासोबत तरी बसून. हाताने करायचे, त्याच दिवशी संपणारे एक काम: जाळ्याचा एक पट्टा विणून पुरा करणे, माडांना आळी करणे, खुरसापाशी (क्रूसापाशी) झाडलोट. मोठे काम घेऊ नका, ते अर्धवट राहिले की संध्याकाळी तेच टोचते. आणि रात्री झोपताना दोन प्रश्न: आज कुठे धीर मिळाला, आज कुठे खचलो. उत्तर एकेका ओळीत वहीत. तीन आठवड्यांनी ती वही चाळलीत तर ठरावीक माणसे, ठरावीक जागा, ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा दिसतील. ती माहिती कुठल्याही प्रवचनापेक्षा उपयोगी असते.

त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट. उजाडायच्या आधी पौल सगळ्यांना जेवायला लावतो. स्वतः भाकर घेतो, सर्वांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. तेव्हा ‘सर्वांना धीर आला’ असे लूक लिहितो, आणि लगेच माणसांची संख्या देतो: दोनशे शहात्तर. धीर आला तो एकाने खाल्ल्यावर बाकीच्यांनीही खाल्ले तेव्हा. घरात तुम्ही ताटावरून उठून जात असाल, तर मुलेही जेवणावरून उठतात. हे दोष देण्यासाठी सांगत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे.

वचने पाठ करण्याबद्दल थोडक्यात. आठवड्याला एकच वचन घ्या, कागदावर हाताने लिहा, बोटीवर न्यायचे तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, आणि दिवसातून तीनदा ओठ हलवून म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणारी दहा वचने एकही टिकत नाही. आणि वचनाच्या मागची-पुढची ओळ वाचल्याशिवाय ते धरू नका. यिर्मया २९:११ मधले भल्याचे संकल्प सगळ्यांना पाठ असतात. त्याच्या वरच्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत आहे आणि पाचव्या ओवीत घरे बांधा, बागा लावा असे सांगितले आहे. फिलिप्पैकरांस ४:१३ मधले ‘मी सर्वकाही करू शकतो’ हे पौलाने भूक आणि भरलेले पोट दोन्ही सोसायला शिकलो, या ओघात लिहिले आहे, धंदा वाढेल या अर्थाने नव्हे. ‘खंबीर हो, हिंमत धर’ हे यहोशवाला पहिल्या अध्यायात देव तीनदा सांगतो, पण त्याच्या आधी ‘मी तुला सोडणार नाही’ हे आहे. आज्ञा तेवढी उचलली आणि तिच्यामागचे वचन सोडले, की ती आज्ञा नुसती ओझे होते.

आता माणसे. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघे छप्पर उकलून खाली सोडतात, आणि येशू ‘त्यांचा विश्वास पाहून’ बोलतो. खाटेवरचा काय मानत होता हे तिथे दिलेलेच नाही. तुमच्यात सध्या विश्वास उरला नसेल, तर दुसऱ्याच्या विश्वासावर काही दिवस काढायची पूर्ण मुभा आहे. मिस्सेत बाकीचे म्हणत असताना तुम्ही नुसते बसा. लादीन (सामुदायिक प्रार्थना) चालू असताना तोंड उघडले नाही तरी चालेल, फक्त जा.

पण एक माणूस ठरवून धरावा लागतो. वाडीत गोष्ट फुटण्याची भीती रास्त आहे, म्हणून दुसऱ्या वाडीतला किंवा पलीकडच्या गावचा धरा. मोघम ‘कधीतरी ये’ नको. ‘बुधवारी संध्याकाळी सात वाजता अर्धा तास येशील? सल्ला नको, एक स्तोत्र वाचू आणि बसू’ असे नेमके सांगा, म्हणजे त्यालाही सोपे जाते. फादरांकडे पापनिवेदनाला गेलात तर तिथले बोलणे ते कोणालाही सांगू शकत नाहीत, हा चर्चचा कडक नियम आहे. प्रोटेस्टंट वाचकांनी याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना घरी बोलवावे. पत्रात आजाऱ्यानेच बोलवायचे आहे. लोक वाट पाहत बसतात की कोणाला तरी आपणहून कळेल, आणि कोणाला कळत नाही.

डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास सोडणे, असे कोणी म्हटले तर त्याला विचारा, पौलाच्या त्या जहाजावर हे सगळे लिहून ठेवणारा लूक कोण होता? कलस्सैकरांस ४:१४ मध्ये पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. पहाटे लवकर जाग येऊन झोप न लागणे, भूक जाणे, कशातच मन न लागणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तुमच्या पत्रावरून तरी आता थांबू नये असेच वाटते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका आणि बरे वाटले म्हणून स्वतःहूनही सोडू नका. प्रार्थनासभेत कोणी गोळ्या टाकून द्यायला सांगितले, तर त्या सभेत पुन्हा पाऊल ठेवू नका.

आणि एलीयासारखे ‘आता पुरे’ असे मनात येत असेल, तर ते आजच घरात एकाला बोलून दाखवा आणि १४४१६ लावा. आंब्याच्या फवारणीचे औषध घरात असेल तर ते घराबाहेर ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या, रात्री एकटे झोपू नका. जीव द्यावा असे वाटणे आणि त्याची तयारी करणे यांतले अंतर फार थोडे असते. तयारीचा विचार सुरू झाला असेल तर थेट दवाखाना, रात्र असली तरी.

राहिली बोट. संत इग्नाती लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत एक नियम आहे, आणि धंद्यातल्या माणसाला तो फार कामाचा आहे: मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. बरे असताना जे ठरवले त्यावरच टिकायचे. म्हणून आज रात्री बोट विकायचे ठरवू नका. पण बँकेची तारीख तुमच्या मनाची स्थिती पाहून थांबत नाही. तेव्हा मधला मार्ग असा. पहिले काम विक्रीचे नव्हे, मुदतीचे. बँकेत जाऊन हप्ते पुढे ढकलण्याचा किंवा कर्जाची फेररचना करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत हिशेब कळणारा एक माणूस न्या. बोलणे त्याला करू द्या. दुसरे, बोटीचा खरा हिशेब एका पानावर मांडा: उरलेले कर्ज, आज मिळेल ती किंमत, एका फेरीचा डिझेल-बर्फ-खलाशी खर्च, मागच्या मोसमाची सरासरी विक्री. हे पान दिवसाउजेडी, जेवल्यावर, बायकोसोबत बसून करा. पहाटे तीनला नको.

१ जूनला पावसाळी बंदी लागली की बोट किनाऱ्यावरच असते. निर्णयासाठी त्याहून चांगला काळ नाही, तोवर औषध सुरू झाले असेल तर त्याचाही गुण आलेला असेल. तेव्हा पान पुन्हा काढा. आकडे विकायला सांगत असतील तर विका. त्या जहाजावरच्या माणसांनी जेवण झाल्यावर उरलेला गहू समुद्रात टाकला, त्यासाठीच तर ते निघाले होते. शत्रूचा पाठलाग करताना दावीदाच्या सहाशे माणसांतले दोनशे बसोर ओहोळापाशी इतके थकले की पुढे जाऊच शकले नाहीत. मागे राहून त्यांनी सामान सांभाळले, आणि लूट वाटताना दावीदाने त्यांनाही सारखाच वाटा दिला (१ शमुवेल ३०). एखादा मोसम दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून काढावा लागला, तर मिस्सेत तुमची जागा कोणी मागच्या बाकावर नेत नाही. बायकोला हा अध्याय आजच वाचून दाखवा, कारण बोट गेली तर लोक काय म्हणतील ही धास्ती बहुधा तिला तुमच्याहून जास्त आहे.